आकडा एक, वाटा दोन

पन्नाशीपर्यंत बायकांना हृदयविकाराचे झटके पुरुषांपेक्षा कमी येतात आणि पाळी गेल्यावर ते वाढतात, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून दिसत होते. बायकांना जपणारे द्रव्य म्हणजे इस्ट्रोजेन हे हार्मोनच असणार, असा तर्क झाला. गंमत म्हणजे त्याचा एक मोठा प्रयोग झाला तो पुरुषांवर. अमेरिकेतल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये झटका येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन दिले गेले. १९७० मध्ये जास्त मात्रेचा गट थांबवावा लागला. झटके उलट वाढले होते.

तर्क तरीही टिकला. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवले, की रक्तवाहिनीचे आतले नाजूक अस्तरच तिला सैल होण्याचा निरोप देते. तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू. इस्ट्रोजेनमुळे तो जास्त तयार होतो, हेही पुढे कळले. कारण सापडले की तर्क सिद्ध झाल्यासारखा वाटतो, तसेच इथे झाले. पण २००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत झटके, पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला. त्यांचे सरासरी वय त्रेसष्टच्या आसपास होते. पाळी जाऊन थोडीच वर्षे झालेल्या स्त्रियांच्या वाहिन्या इस्ट्रोजेनला वेगळा प्रतिसाद देतात, हे नंतरच्या अभ्यासांत दिसले.

मला खरी कलाटणी वाटते ती मज्जातंतूंच्या अभ्यासात. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अनुकंपी मज्जातंतूंतले, म्हणजे वाहिन्यांना आकुंचनाचा हुकूम देणारे, संदेश थेट मोजले. तरुण पुरुषांत संदेश जितके जास्त, तितका वाहिन्यांचा रक्तप्रवाहाला विरोध जास्त. मात्र अशा पुरुषांचे हृदय रक्त कमी फेकते, म्हणून बीपी ताळ्यावर राहते. तरुण स्त्रियांत संदेश आणि विरोध यांचा असा मेळच बसेना. त्यांच्या वाहिन्यांवरचे बीटा ग्राहक (रिसेप्टर) आकुंचनाच्या हुकमाला परस्पर उतारा देत होते. प्रोप्रॅनोलॉल देऊन ते ग्राहक अडवल्यावर पुरुषांसारखाच संबंध स्त्रियांतही उमटला. पाळी गेल्यावर हा उतारा औषधाशिवायच ओसरतो. म्हणजे १२०/८० हा बीपीचा आकडा दोघांचा सारखाच, पण तिथे पोचण्याची रीत निराळी. संरक्षण हे गोळीत भरून देण्याजोगे द्रव्य नव्हते. तो शरीराने साधलेला तोल होता.

त्या तोलाचा शेवट पाळी जाण्याशी बांधणेही कदाचित घाईचे ठरेल. २०२० मध्ये सुमारे तेहतीस हजार अमेरिकनांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्त्रियांचे बीपी विशीपासूनच पुरुषांपेक्षा अधिक वेगाने चढताना दिसले. उच्च रक्तदाबाची रेघ मात्र दोघांसाठी आजही एकच आहे. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो, हेही आता मान्य झाले आहे. पन्नाशीच्या बाईला तंबाखूबद्दल आणि वडिलांच्या हृदयविकाराबद्दल डॉक्टर आठवणीने विचारतात. तिच्या बाळंतपणांबद्दल मात्र फार थोडे.