परवान्यावरची सही

जुलैतली रात्र, मुंबईबाहेरचं पाणी खवळलेलं आणि चालत्या जहाजाच्या कुशीला लटकलेली मनिला दोराची शिडी. खाली पायलटची लाँच लाटेबरोबर वरखाली होत असते. पायलट आधी शिडीचे दोन्ही दोर जोरानं ओढून बघतो, लाँच लाटेच्या अगदी माथ्यावर येईपर्यंत थांबतो आणि मगच पाय टाकतो. क्षणभर आधी टाकला, तर वर येणारी लाँचच त्याचे पाय चिरडेल.

बोटीवरच्या नोकरीत वरून टॉर्च धरून हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. त्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये ३१० ते ३५० मिलिमीटर अंतर असावं, चढण नऊ मीटरपेक्षा जास्त असेल तर जोडीला जहाजाचा जिना लावावा, हे सगळं बंधनकारक आंतरराष्ट्रीय नियमात लिहिलेलं आहे. शिडी कशी असावी, याला जगभर एक नियम आहे. ती चढणारा माणूस कसा तयार व्हावा, याला मात्र नाही.

मेट, कॅप्टन, इंजिनीअर यांचं शिक्षण १९७८च्या ‘एसटीसीडब्ल्यू’ करारानं बांधलेलं आहे. बंदराचा पायलट त्या करारात बसत नाही. त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००३ मध्ये ‘ए-९६०’ हा ठराव केला. पायलटची क्षमता फार तर पाच वर्षांनी पुन्हा तपासा, तब्येत तपासा, आणीबाणीचा सराव द्या, असं त्यात नीट सांगितलं आहे. पण ती शिफारस. आपल्या लग्नपत्रिकेवरच्या ‘कृपया आहेर आणू नये’सारखी.

पायलट म्हणजे सुकाणू धरणारा नव्हे. संस्कृतातला ‘कर्णधार’ सुकाणू धरायचा. तो शब्द आपण क्रिकेटला देऊन मोकळे झालो. पायलट म्हणजे त्या एका बंदराचं पाणी जाणणारा माणूस. कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्ज रीफ, संक रॉकचा दिवा, उधाणाच्या ओहोटीला प्रवाह जहाजाला कुठे ओढतो, उथळ पाण्यात वेग वाढवला की जहाजाचा तळ आणखी किती खाली बसतो, हे त्याच्या अंगात मुरलेलं असावं लागतं. वीस वर्षं जग हिंडलेला कॅप्टनही इथे परका असतो.

हे सगळं अंगात आहे, याची खूण म्हणजे त्याचा परवाना. आता आपल्या भाषेकडेच बघा. परवाना आपण ‘काढतो’. दाखला काढतो, रेशनकार्ड काढतो, तसाच. आरटीओच्या दारातला एजंट हा काही वेगळ्या समाजातून आलेला नाही. परवाना म्हणजे योग्यतेची साक्ष, आणि ती साक्ष देणाराही बांधला जातो, हे आपल्या डोक्यातच येत नाही. अपघात झाला की विचारतो, चालवत कोण होता? परवाना कोणी दिला, हे विचारत नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न विचारला गेला. १५ फेब्रुवारी १९९६ च्या संध्याकाळी ‘सी एम्प्रेस’ हे तेलवाहू जहाज वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तोंडाशी खडकावर चढलं आणि पुढच्या आठवडाभरात ७२,००० टन कच्चं तेल समुद्रात गेलं. जहाजावर पायलट होता आणि चूक त्याचीच होती. पण चौकशी तिथे थांबली नाही. एवढ्या मोठ्या टँकरसाठी त्याचं प्रशिक्षण आणि अनुभव अपुरा होता, असं तिनं नोंदवलं. खटला उभा राहिला बंदर प्राधिकरणावर. चाळीस लाख पौंडांचा दंड झाला. अपिलात तो साडेसात लाखांवर आला, पण दोष कायम राहिला. २००० साली तिथे बंदरांच्या सुरक्षिततेची नवी संहिता आली.

आपल्याकडे? १९०८ च्या इंडियन पोर्ट्स अ‍ॅक्टनं लागू बंदरांत दोनशे टनांवरच्या जहाजाला पायलट किंवा हार्बर मास्टर सक्तीचा केला, आणि त्याच कायद्याच्या २१ व्या कलमानं पायलटच्या चुकीची जबाबदारी सरकारवर नाही असंही लिहून ठेवलं. माणूस आम्ही देऊ, तो घ्यावाच लागेल, चुकला तर आम्ही नाही! शतकाहून अधिक काळ हे चाललं. २०२५ मध्ये त्या जागी नवा कायदा आला. वृत्ती नवी आली का, ते पुढच्या अपघातात कळेल. तोवर थांबायची माझी तयारी नाही.

दुसरं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. ७ नोव्हेंबर २००७, दाट धुकं. ‘कॉस्को बुसान’च्या ब्रिजवर अनुभवी पायलट कॅप्टनला विचारतो, या इलेक्ट्रॉनिक नकाशावरचे लाल त्रिकोण कसले? उत्तर धड मिळत नाही आणि जहाज बे ब्रिजच्या खांबाच्या कठड्यावर घासतं. दोन लाख लिटर इंधन खाडीत. पायलट अशी औषधं घेत होता ज्यांनी बुद्धी मंदावते. वैद्यकीय तपासणीची यंत्रणा ढिली होती. तुरुंगात गेला तो मात्र एकटा पायलट. पण मला खरा बोचतो तो कॅप्टन. त्यानं पायलटला हटकलं नाही.

बोचतो, कारण मीही हटकलं नव्हतं. थर्ड मेट असताना एका परदेशी बंदरात आलेला पायलट इतका थकलेला होता की ऑर्डर देता देता वाक्य अर्धवट सोडायचा. कॅप्टन लॉगबुकात ‘कॅप्टनचा हुकूम, पायलटचा सल्ला’ हे ठरलेलं वाक्य लिहायला लावून गप्प. मी त्याच्याहून गप्प. साहेबाला कोण सांगणार? जहाज धक्क्याला नीट लागलं म्हणून ती रात्र कुठल्याच कागदावर नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की पाच वर्षांनी होणारी परीक्षा कायद्यानं सक्तीची हवी, आणि ती दुसऱ्या बंदराच्या पायलटांनी घ्यायला हवी. ज्यांच्यासोबत रोज डबा खातो, त्यांना नापास करणं कोणाला जमतं? डॉक्टरही बाहेरचा असावा. सिम्युलेटरमध्ये त्याच बंदराची भरती-ओहोटी असावी आणि मध्येच इंजिन बंद पडावं. कॅप्टननं टोकलं तर कसं ऐकून घ्यायचं, हाही परीक्षेचाच विषय. अशानं पायलटांवर अविश्वास दाखवला जातो, ही तक्रार मी ऐकली आहे. दोर ओढून पाहतानाही पायलट शिडी लावणाऱ्या खलाशाचा अपमान करत नसतो.

डहाणूजवळ वाढवणला ७६,२२० कोटींचं बंदर मंजूर झालं आहे. विरोधाची आणि नोकऱ्यांची चर्चा होते, व्हायलाच हवी. पण कॅडेटचा कॅप्टन व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि त्यानंतर त्या पाण्याची ओळख. वाढवणला लागणाऱ्या पहिल्या मोठ्या जहाजावर जो चढणार आहे, तो आज कुठल्या तरी बोटीवर सेकंड मेट म्हणून रात्री बारा ते चारची वॉच करत असेल. त्याची परीक्षा कोण घेणार, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.