दुसऱ्याचे हृदय मागावे काय?

माउलीसमोर गाऱ्हाणे घालताना आपण नेमके काय मागतो, याचा विचार आपल्या हातून क्वचितच होतो. समजा, एखाद्या घरचे बालक जन्मतःच हृदयात व्यंग घेऊन आले. अशी पुष्कळ व्यंगे आज शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. परंतु काही थोड्या मुलांचे हृदय इतके दुबळे होते की दुसरे हृदय बसविण्यावाचून उपाय उरत नाही. ते मिळेपर्यंत रक्त खेळते ठेवणारा यांत्रिक पंप जोडता येतो; पण मुलांच्या बाबतीत तो बहुधा वाट पाहण्याचे साधन असतो. आणि वाट पाहायची ती कशाची? दुसऱ्या कोणाच्या तरी मरणाची! मग अशा मातेने ओटी भरून हृदय मागितले, तर तिच्या हातून पाप घडते काय?

डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊन येथे डॉ. बर्नार्ड यांनी मनुष्याच्या छातीत दुसऱ्या मनुष्याचे हृदय प्रथम बसविले. तीनच दिवसांनी अमेरिकेत ब्रुकलिन येथे डॉ. कँट्रोविट्झ यांनी जन्मजात हृदयविकार असलेल्या तान्ह्या बालकावर तोच प्रयोग केला; ते काही तासच जगले. पुढे फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी असे धाडस केले. त्यांचाही रुग्ण काही तासांतच दगावला. मेंदू मृत झाल्यास मनुष्य मृत मानावा, असा कायदा तेव्हा आपल्या देशात नव्हता. तो १९९४ साली झाला, आणि त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांना यश लाभले.

या कायद्याने आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले आहे. मेंदू मृत झाल्याचा निर्णय चार डॉक्टरांचे मंडळ देते. किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते. रोपण करणाऱ्यांस त्या मंडळात स्थान नसते. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. म्हणजे घेणाऱ्याच्या गरजेमुळे देणाऱ्यास मरण येत नाही. मरण आपल्या वाटेने येऊन गेलेले असते. माता मागते ते मरण नव्हे. मरणानंतर जे अग्नीत जायचे, त्यातील एक ठेव मागते. यात आम्हांस पाप दिसत नाही.

उरलेले अर्धे उत्तर मात्र आपल्यापाशी आहे. येथे दधीचीचे उदाहरण नेहमी दिले जाते. परंतु दधीचीने स्वतःचा देह स्वतःच्या मुखाने दिला. आज रुग्णालयाच्या दारात होकार द्यावा लागतो तो शोकाने खचलेल्या आप्तांना, तोही काढलेले हृदय चार-सहा तासांतच बसवावे लागते अशा घाईत. त्यांनी नकार दिला, तर त्यांस कठोर म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. अवयवाविना देह जाळल्यास पुढील जन्मी व्यंग येते, ही भीतीही काहींच्या मनात असते. पण चितेवर हृदय तरी कोठे शिल्लक राहते?

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, ही इच्छा धडधाकट असतानाच घरात बोलून ठेवावी. कर्नाटकात ‘जीवसार्थकते’ ही शासकीय संस्था अशा संकल्पांची नोंद घेते. जो घेण्यासाठी देवीपुढे हात पसरील, त्याने देण्यासाठीही तोच हात उघडा ठेवावा. मागणे तेव्हाच शुद्ध होते.