जलपिसूची आकृती आणि जाती
प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत वाहणारे सूक्ष्म जीव, ओळखण्यासाठी डिजिटल मार्गदर्शिका रचणाऱ्यापुढे न्यायदर्शनातला जुना प्रश्न उभा राहतो: पदाने व्यक्ती कळते, आकृती कळते, की जाती? गौतमाच्या न्यायसूत्रांनी तिन्ही स्वीकारल्या. परंतु 1885 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सार्स यांनी वर्णिलेली डॅफ्निया लुम्होल्त्झी ही जलपिसू माशांची रासायनिक चाहूल लागताच लांब काटे वाढवते, आणि मासे नसलेल्या पाण्यात तिचीच संतती आखूड काट्यांची राहते. प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय देणारी छापील ओळख-कुंजी येथे अडखळते. डिजिटल कुंजीत एकाच जातीची अनेक रूपे शेजारी मांडता येतात. म्हणून चंदीगडच्या सुखना तलावाचा थेंब तपासणाऱ्याला द्रव्य टिकते व पर्याय, म्हणजे अवस्था, पालटतात हा जैन विचार अधिक जवळचा वाटावा. पाणी गाळून पिणाऱ्या त्या परंपरेने हे जीव नाव देण्याआधीच जपले होते.