आराम पडणं आणि आराम करणं

आईचा हात मोडला तेव्हा आमच्यापैकी कुणालाच तिच्या पायांची आठवण झाली नाही. गेल्या पावसाळ्यात न्हाणीच्या उंबऱ्याशी ती घसरली, डाव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं. हाड छान जुळून आलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवलाही. मग ते तिला म्हणाले, ‘आजी, उठा बघू.’ एकोणऐंशी वर्षांची माझी आई खुर्चीत दोनदा पुढे झुकली, दोनदा मागे बसली आणि काहीतरी चुकल्यासारखी आमच्याकडे बघत राहिली. सहा आठवड्यांपूर्वी ती दोन जिने उतरून भाजी आणत होती. मोडला होता हात, गेले होते पाय.

ते आम्हीच घालवले होते. चहा जागेवर, ताट जागेवर, गोळ्या जागेवर, रिमोट हाताशी. ती उठायला लागली की घरातलं कुणीतरी ओरडायचं, ‘तुम्ही बसा, मी देते.’ एकदा तिने मेथीची जुडी निवडायला मागून घेतली. एका हाताने ते तिला नीट जमेना आणि आम्हाला ते बघवेना, म्हणून जुडी काढून घेतली. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. उलट इतकी काळजी आम्ही तिची आधी कधी घेतली नव्हती.

मराठीत ‘आराम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि आजाऱ्याच्या खोलीत ते बेमालूम मिसळतात. ‘औषधाने आराम पडला’ म्हणजे बरं वाटलं. ‘आराम कर’ म्हणजे पडून राहा. भेटायला येणारा माणूस दोन्ही एका दमात बोलून जातो: ‘आता आराम आहे ना? मग करा आराम.’ जणू दुसरा केल्याशिवाय पहिला पडतच नाही. तरुणाला ही गफलत परवडते. तापात चार दिवस लोळलेला पंचविशीतला मुलगा पाचव्या दिवशी क्रिकेट खेळायला जातो. ऐंशीच्या घरात ती परवडत नाही. म्हातारपणाची बरीचशी दुखणी जाणारी नसतातच, त्यांच्यासह दिवस काढायचे असतात. तसे दिवस काढायला जी ताकद लागते, नेमकी तीच आपण आरामाच्या नावाखाली काढून घेतो.

डॉक्टरांनाही हे कळायला वेळ लागला. रिचर्ड अ‍ॅशर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९४७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक लेख लिहिला. रक्ताच्या गुठळ्या, पाठीवरचे व्रण, हाडांतून निघून जाणारं कॅल्शियम, तुंबलेलं पोट, आखडलेले सांधे आणि शेवटी खचलेलं मन, असा पडून राहिलेल्या शरीराचा एकेक अवयव त्यांनी तपासला. त्या काळात हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला आठवडेच्या आठवडे पाठीवर झोपवून ठेवत. १९५२ साली सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा रोग्यांना लवकर खुर्चीत बसवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा नुसतं खुर्चीत बसवणं हेसुद्धा धाडस होतं. (आरामखुर्चीने आरामाविरुद्ध केलेलं हे बहुधा एकमेव बंड.)

डॅलसमधल्या प्रयोगाची गोष्ट तर मी भेटेल त्याला सांगतो. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. श्रम करण्याची त्यांची क्षमता त्या तीन आठवड्यांत जेवढी घसरली होती, तेवढी नंतरच्या तीस वर्षांतही घसरली नव्हती. मग त्यांच्याकडून सहा महिने बेताचा व्यायाम करून घेतला, तर तीस वर्षांत गेलेला दमसास बराचसा परत आला. पुढे २००७ साली एका अभ्यासात साठीपुढच्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांचं साधारण किलोभर मांस उतरलं. ही माणसं आजारी नव्हती, हे लक्षात घ्या. आपल्याकडे साध्या न्यूमोनियाने दवाखान्यात गेलेले आजोबा दहा दिवसांनी घरी येतात आणि ‘आजाराने पार खाल्लं हो त्यांना’ असं आपण म्हणतो. त्यातला काही वाटा खाटेचाही असतो.

गेलेलं परत येतं का? १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. त्यांच्या पायांतली ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीत! आपल्याकडे साठीतल्या माणसाला पाण्याची बादली उचलू देत नाहीत.

गुडघ्यांबद्दल तर आपली सगळी भाषा गॅरेजमधली आहे. वाटी झिजली, वंगण संपलं, आता जपून वापरा. पण गुडघा म्हणजे स्कूटरचं टायर नव्हे. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिचं पोषण होतं. न वापरलेला गुडघा जपला जात नाही, तो उपाशी राहतो. शिवाय मांडीचा स्नायू वाळला की त्याच्या वाटचा भार सांध्यावर येतो. म्हणून आज गुडघ्याच्या संधिवातावर पहिला उपचार म्हणून व्यायामच सांगतात. गोळी, इंजेक्शन, शस्त्रक्रिया नंतर. पण गुडघा दुखत असतो आणि ‘दुखतंय म्हणजे बिघडतंय’ हे आपल्या मनात पक्कं असतं. आईकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने यावर सोपं माप दिलं: चालल्यावरचं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीला आलं तर काळजी नको, सांधा सुजला, गरम लागला तर दुसऱ्या दिवशी थोडं कमी चाला. छातीत दाटून आलं, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, तर मात्र तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा.

याच मुलीने आईला उठायला शिकवलं. खुर्चीवर सोलापुरी चादर सहा घड्या घालून ठेवली, म्हणजे बैठक उंच झाली. ‘आजी, आधी नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे आणा आणि मग उठा.’ पहिल्या दिवशी तीनदा. दर आठवड्याला चादरीची एक घडी कमी. घडी कमी झाली की आई कुरकुरायची, ‘आज खुर्ची खाली गेली का गं?’ दीड महिन्याने चादर कपाटात गेली. मी बाजूला उभा राहून मोजत होतो. लहानपणी तिने मला जोर-बैठका मोजायला बसवलं होतं, ते आठवत होतं.

एरवी घरातलं बसणं-उठणं हा आपल्याकडे कधी वेगळा व्यायाम नव्हताच. पाटावर जेवण, विळीवर भाजी, चुलीपाशी स्वयंपाक. दिवसातून वीस-पंचवीस वेळा माणूस जमिनीवर बसत आणि उठत होता. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. ओटा आला आणि बायकांच्या कंबरा वाचल्या, हे खरंच आहे. पण पाट गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला: जमिनीवर बसताना आणि उठताना ज्यांना हात-गुडघे टेकावे लागत नाहीत अशी पन्नाशीपुढची माणसं, टेकावे लागणाऱ्यांपेक्षा पुढच्या काही वर्षांत कमी मरण पावली. उठता येतं म्हणून माणूस जगतो, की मुळात ठणठणीत असतो म्हणून त्याला उठता येतं, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण आपली आजी ‘अगं आई गं’ म्हणत पाटावरून उठायची, तेव्हा ती याच परीक्षेत रोज पास होत होती.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा लेख ‘वय हा फक्त आकडा आहे’ या वळणावर चालला आहे. नाही. त्या वाक्याचा मला मनापासून कंटाळा आहे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या वर्धापनदिनाला एखादा वक्ता हमखास महर्षी कर्व्यांचं उदाहरण देतो. कर्वे १०४ वर्षं जगले, १९२९ साली सत्तरी ओलांडल्यावर युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले, १९३६ साली अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या शिक्षणासाठी नवी संस्था काढली. सगळं खरं. पण ते पाय सत्तरीत कमावलेले नव्हते; परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत चालत गेलेल्या आणि पुढे पुण्याहून हिंगण्याला रोज पायी खेपा घालणाऱ्या माणसाचे ते पाय होते. त्यातही नशिबाचा भाग होताच. समोरच्या खुर्च्यांवर पक्षाघाताने एक बाजू गेलेले, कंपवाताने हात थरथरणारे लोक बसलेले असतात. त्यांनी काय कमी केलं होतं? अशा माणसाने स्वतःच्या हाताने घास तोंडात घातला, कूस बदलली, तर त्याच्यापुरता तो हिंगण्याचा रस्ताच आहे. सांडलं तरी घास त्यालाच घेऊ द्यावा.

आणि आरामाचा खरा हक्क आहे तो ज्यांना तो कधी मिळालाच नाही त्यांना. चाळीस वर्षं ऊस तोडलेल्या, भाताची लावणी केलेल्या, पासष्टीतही मजुरीला जाणाऱ्या बाईला ‘हातपाय हलते ठेवा’ म्हणणं हा निलाजरेपणा आहे. श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये तिला कामावरून घरी बसवू शकत नाहीत. मी लिहितो आहे ते तुमच्या-माझ्या घराबद्दल, जिथे कामाला बाई आहे आणि म्हातारीला काम नाही.

तिथे अडचण शरीराची कमी आणि लोकांची जास्त असते. आईला पुन्हा मेथी निवडायला द्यायची ठरली तेव्हा बायको चटकन म्हणाली, ‘आणि शेजारच्या काकू आल्या म्हणजे?’ तिचं बरोबर होतं. सासूला बसवून खायला घालते ती सून गुणाची; सासूच्या पुढ्यात भाजी ठेवते ती सासूला राबवते. मुलाला असं कुणी विचारत नाही. सुनेच्या चांगुलपणाचं हे माप बदललं नाही तर फिजिओथेरपिस्टची फी वाया जाणार आहे. म्हातारी माणसंही यात मागे नसतात. ‘सूनबाई मला काही करूच देत नाही’ हे वाक्य तक्रार म्हणून बोललं जातं की फुशारकी म्हणून, हे ऐकणाऱ्याला कधीच नीट कळत नाही.

पडण्याची भीती मात्र खोटी नाही. एकदा पडलेलं माणूस भीतीने बसून राहतं, बसून राहिल्याने पाय लटपटतात आणि लटपटत्या पायांनी पुन्हा पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्या लोकांसाठी आठवड्यातून तीन दिवस ताकदीबरोबर तोल सांभाळण्याचेही व्यायाम सांगितले, ते यासाठीच. ओट्याच्या कडेला धरून एका पायावर उभं राहणं, इतकंही सुरुवातीला पुरतं. आणि गोळ्यांचा डबा एकदा तरी एकाच डॉक्टरपुढे पूर्ण उपडा करावा. झोपेची गोळी, रक्तदाबाची गोळी, प्रोस्टेटची गोळी तीन वेगळे डॉक्टर लिहितात. पहाटे लघवीला उठल्यावर चक्कर येते ती तिन्हींची मिळून.

पण घरात पाय तयार झाले तरी ते न्यायचे कुठे? संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. व्यायाम आणि हृदय यांचं नातं मांडणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी हा एक. (मॉरिस स्वतः व्यायाम करत करत नव्व्याण्णवपर्यंत जगले.) त्या कंडक्टरांपैकी कुणी व्यायाम करायचा म्हणून जिना चढत नव्हता, जिना कामातच होता. आपल्याकडे आपण म्हाताऱ्यांना चाला म्हणतो आणि फुटपाथवर दुचाक्या लावतो. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, ही खरोखर चांगली योजना. तिकीट शून्य आणि गाडीची पहिली पायरी जवळजवळ गुडघ्याएवढी. स्टँडवर गेलात तर पाहा, आजीला वर घ्यायला एक जण पुढून ओढतो, एक मागून ढकलतो.

आई आता खुर्चीतून आठ वेळा उठते, नवव्यांदा उठायला सांगितलं की चिडते. गुडघे दुखतात ते दुखतातच. भाजीला ती अजून एकटी जात नाही, पण मेथी तीच निवडते आणि आम्ही निवडलेल्या मेथीत काड्या राहतात हे ऐकवते. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. माणूस घरी येऊन मोबाइलवर घेतो, असं मी म्हटलं, पण तिला बँकेतच जायचं होतं. रिक्षातून उतरून चार पायऱ्या चढायला तिला पाच मिनिटं लागली. पायऱ्यांना कठडा नव्हता.