उलटी बाजू

भरतकाम हातात आले की जाणती बाई आधी ते उलटे करून पाहते. सुलटी बाजू लोकांसाठी असते; खरे काय ते उलटी सांगते. तेथे गाठी दिसतात, घाईने ओढलेले लांब दोरे दिसतात. पण जी बाजू सहसा कोणी पाहणार नाही, ती नीट करण्याचे ऋण माणूस कोणाचे लागतो?

धारवाड-बेळगावकडच्या कसुतीने या प्रश्नाची फार गंभीरपणे दखल घेतली आहे. इरकली लुगड्याच्या पदरावर गोपुरे, पालख्या, तुळशीवृंदावने उमटतात, पण कापडावर आधी रेघ ओढलेली नसते. उभे-आडवे धागे मोजायचे आणि सुई घालायची. गावंती नावाच्या टाक्यात जाताना एक घर भरायचे, एक सोडायचे. परतताना सोडलेली घरे भरीत यायचे. गाठ मारायची नाही. दोन्ही बाजूंना नक्षी सारखीच उठते. पदर वाऱ्याने उलटला तरी लपवावे असे काही नसते.

आमच्या मावळातली गोधडी निराळी. शिरगावात घटस्थापनेच्या आधी, पावसाळ्यात दमटलेल्या गोधड्या धुऊन कुंपणांवर आणि गच्च्यांवर वाळत पडतात. गुरुवारी प्रतिशिर्डीच्या देवळाकडे लोटणाऱ्या गर्दीचे त्यांच्याकडे लक्ष जात नाही. गोधडीला तिसरी बाजू असते, आतली. विरलेले लुगडे, आजोबांचे धोतर, पोराचा फाटका सदरा हे सारे थर आत जातात आणि धावदोरा कडेपासून फिरत फिरत मध्याकडे येतो. आतले कोणाला दिसत नाही. ऊब मात्र त्याचीच.

सुईच्या लेसला तर टेकायला कापडच नसते. चर्मपत्रावर नक्षीच्या रेषेने दोरा बसवतात, त्याच्या आधाराने काजाच्या टाक्यांसारखे टाके घालीत जातात आणि शेवटी चर्मपत्र सोडवून घेतात. जुन्या इटालियन लेसच्या एका प्रकाराचे नावच ‘हवेतला टाका’ असे आहे. फ्रान्समधल्या आलाँसों गावच्या लेसला युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. ती शिकायला सात ते दहा वर्षे लागतात, आणि एका चौरस सेंटिमीटरला सात तास. दहा सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा घेतला तर सातशे तास झाले. रोज आठ तास बसले तरी जवळजवळ तीन महिने.

असा आकडा ऐकला की आपण म्हणतो, केवढी ही चिकाटी! मला या उद्गाराचीच भीती वाटते. तो आपल्या मनाची सुलटी बाजू आहे. उलटून पाहिले की प्रश्न येतात: हे तास कोणाचे? डोळे कोणाचे? लेस अंगावर कोणी मिरवली? आपल्याकडे तर बाईने ‘रिकाम्या वेळात’ केले म्हणून सगळा हिशेबच मिटतो. पहाटे चूल पेटवणारीला रिकामा वेळ कोठला? तो तिने झोपेतून काढलेला असतो.

मृणालिनी मुखर्जींची आठवण येथे होते. त्यांचा जन्म मुंबईचा, १९४९ चा. तागाच्या रंगवलेल्या दोऱ्यांना हाताने गाठी मारीत त्यांनी ‘यक्षी’सारखी भव्य शिल्पे उभी केली. कसुतीने जी गाठ वर्ज्य मानली, तीच त्यांनी कलेचा देह केली. २०१५ साली दिल्लीत त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन उघडले आणि काही दिवसांतच त्या गेल्या. त्यांची चिकाटी गोधडी शिवणारीहून मोठी होती असे मला वाटत नाही. फरक दुसरा आहे. काय करायचे, केव्हा थांबायचे, हे त्यांच्या हाती होते. पुढे दोऱ्या सोडून त्या माती आणि ब्राँझकडे वळल्या. ज्याला थांबण्याची मुभा आहे त्याच्या चिकाटीला सद्गुण म्हणावे. ज्याला ती नाही, त्याच्या चिकाटीची स्तुती करणे म्हणजे त्याच्या नाइलाजाला हार घालणे.

मग मुभा नसलेल्या बाईच्या त्या नीटस उलट्या बाजूचे काय? तिलाही नाइलाज म्हणावे काय? तसे म्हणवत नाही. थंडीने गोधडी मागितली, सासरने पदर मागितला. न दिसणारा टाका सरळ यावा असे मात्र कोणीच मागितले नव्हते. मागण्यापलीकडचे म्हणून तेवढेच तिचे स्वतःचे होते. ते ऋण ती कोणाचेही लागत नव्हती. तिने ते आपण होऊन घेतले आणि फेडले.

पाहणाऱ्यांचे ऋण मात्र अजून शिल्लक आहे. गावंतीचा टाका जाताना जी घरे सोडतो ती परतताना भरतो. आपली स्तुती जाताना पुष्कळ घरे सोडून गेली आहे: मजुरीचे, नावाचे, विसाव्याचे. आता परतीचा दोरा आपल्या हातात आहे.