उपरी, गावकरी आणि घरटी वर्गणी

गावात राहणे आणि गावचे असणे या दोन गोष्टी मराठी मुलखात फार पूर्वीपासून वेगळ्या मानल्या गेल्या. मराठेशाहीत देशावरच्या गावांत जमीन कसणारे दोन प्रकारचे असत. मिरासदार, म्हणजेच थळकरी, हा गावचा. त्याची जमीन वंशपरंपरेची. दुष्काळात परागंदा होऊन तो अनेक वर्षांनी परतला तरी त्याचा हक्क मानला जाई. उपरी हा बाहेरून आलेला, बहुधा मुदतीच्या कराराने जमीन करणारा. गावच्या बैठकीत त्याच्या शब्दाला वजन नसे आणि मानपानात त्याला जागा नसे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात हा भेद नोंदलेला आहे. आजचा ‘उपरा’ हा शब्द त्याच कुळातला.

तरी हा भेद कायमचा नव्हता. एखाद्या कुळाचा वंश खुंटला की त्याची जमीन गतकुळी ठरे आणि गाव ती नव्या माणसाला मिरास म्हणून देऊ शके. त्यासाठी मिरासपत्र होई. अशा कागदांवर अक्षर कुलकर्ण्याचे असे, पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असे आणि साक्षीला बलुतेदार असत. न्हाव्याची खूण आरसा. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनीही आपल्या कामाच्या हत्याराने त्या माणसाला आपले म्हटले होते. गावचे होणे ही तेव्हा मनातल्या मनात घडणारी गोष्ट नव्हती. ते चारचौघांत, साक्षीपुराव्याने होत असे.

पण हक्क आणि मान एकत्रच मिळत असे समजणे चुकीचे ठरेल. महार हा वतनदार होता. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची मानली जाई. गावाची हद्द ज्याच्या शब्दावर ठरे, त्याचे घर मात्र वेशीबाहेर. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहूनही गावाने त्याला आत घेतले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाच्या गौरवावर कठोर टीका केली आणि मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केले, त्यामागे हा अनुभव आहे. गावपणाची कोणतीही चर्चा या वेशीपाशी थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरा मोठा वर्ग जुन्या कागदांत क्वचितच दिसतो: लग्न होऊन आलेल्या बायका. भारताच्या जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हेच आढळते. म्हणजे गाव बदलून नव्या गावात रुजण्याचा अनुभव सर्वाधिक त्यांच्याच गाठीशी आहे. अनेक गावांत सुनेला तिच्या माहेराच्या नावाने ओळखतात; खेडहून आलेली ती खेडकरीण. हे नाव तिला परकी ठरवते आणि तिची आठवणही राखते. लग्नानंतर जोडप्याला ग्रामदैवताच्या पाया पडायला नेतात, देवीची ओटी भरतात. कुलदैवत वंशाबरोबर चालते, ग्रामदैवत मात्र जागेचे असते. त्या पांढरीवर, म्हणजे गावच्या वस्तीच्या जागेवर, जो राहील त्याचे. नव्या माणसाला गावात घेण्याची ही वाट मिरासपत्रापेक्षा जुनी असावी, आणि ती अजून मोडलेली नाही.

इंग्रजी अमलात रयतवारी आली. इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये सुरू झालेली जमाबंदीची नवी पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. खातेदाराचे नाव सरकारी दप्तरात लागले की मिरासदार कोण आणि उपरी कोण, हा प्रश्न महसुलापुरता उरला नाही. उपऱ्याला यात खरा लाभ झाला. त्याची जमीन गावाच्या मर्जीवर राहिली नाही. मात्र त्याला आपले म्हणण्याचे काम कागदाने गावाकडून काढून घेतले, आणि ते काम दप्तराला करता येणारे नव्हते.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने दोन दिशांनी पावले टाकली. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखाली मतदार यादीत नाव असलेला रहिवासी गावच्या कारभारात सहभागी झाला. तो कोणत्या कुळातला हे विचारायचे कारण राहिले नाही. उलट १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. शहरातून येऊन गावात घर करणाऱ्याला मत लगेच मिळते, माती लगेच मिळत नाही.

धरणग्रस्तांची गोष्ट आणखी अवघड. कोयनेसारख्या धरणांमुळे अख्खी गावे उठली. पुढे १९७६ मध्ये राज्याने पुनर्वसनाचा कायदा केला. रस्ता, शाळा, पाणी, स्मशानभूमी यांचा विचार होऊ लागला. माणसे देवळातला देव बरोबर घेऊन नव्या गावठाणात आली. पण चराईवरून, पाणवठ्यावरून शेजारच्या गावाशी कुरबूर झाली की ‘धरणग्रस्त’ हा शब्द तिथेच जन्मलेल्या पोरांनाही चिकटतो. एकट्या माणसाला गाव सामावून घेते. गावाने गावाला सामावून घ्यायची रीत आपल्याकडे घडलेलीच नाही.

आज मिरासपत्र नाही, पण गावाची स्वतःची मोजणी चालूच आहे. घरात मयत झाली की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भाकरी येते. ती नव्या माणसाच्या दारी येते का, आणि त्याच्या घरून दुसऱ्याकडे जाते का, हे गाव पाहते. यात्रेच्या किंवा सप्ताहाच्या वेळी घरटी वर्गणी ठरते. बाहेरच्याने मोठी रक्कम दिली तर तो देणगीदार होतो, फलकावर त्याचे नाव लागते. घरटी वर्गणी त्याच्याकडे मागायला पोरे येतात तेव्हा मात्र त्याचे घर गावातले एक घर म्हणून धरलेले असते. रक्कम सगळ्यांइतकीच, आणि ती चुकली तर तगादाही सगळ्यांसारखाच. वर्गणीच्या वहीत पहिली काही वर्षे त्याच्या नावापुढे ‘मास्तर’, ‘बँकवाले’ किंवा ‘पुण्याचे’ असे काहीतरी लिहिलेले असते. मग एका वर्षी ते लिहायचे राहते आणि नुसते नाव उरते.