श्वापदाचा आकडा

प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायात श्वापदाचा आकडा ६६६ सांगितला आहे. तो कोणाचा, असे मंडळ्यांत वारंवार विचारले जाते. आणि कित्येक जण आपणांस अप्रिय असलेल्या मनुष्याच्या नावाची अक्षरे मोजू लागतात. हे योग्य आहे काय?

प्रिय वाचकहो, इब्री व ग्रीक भाषांत अक्षरेच अंकांचे काम करीत. म्हणून प्रत्येक नावाची बेरीज होत असे. ‘नेरोन कैसर’ हे नाव इब्री अक्षरांत मांडले असता ६६६ होतात. ‘नेरोन’ यातील शेवटचा ‘न’ गाळल्यास त्याचे ५० वजा होऊन ६१६ उरतात, आणि काही प्राचीन हस्तलेखांत ६१६ हाच आकडा आढळतो. इ. स. ६४ साली रोम जळाल्यावर ख्रिस्ती लोकांचा क्रूर छळ करणारा बादशहा तो हाच. यास्तव पुष्कळ विद्वान हा आकडा नेरोचा मानतात.

मग नेरो इ. स. ६८ साली मेल्यावर हा अध्याय निरर्थक झाला काय? मुळीच नाही. श्वापद नमन मागते, आणि त्याची खूण नसणाऱ्यास क्रयविक्रय करू देत नाही. अशी सत्ता प्रत्येक युगात निराळ्या नावाने उभी राहते. नफ्यासाठी खोटे माप घालताना, किंवा बलवानाच्या भयाने गरिबाविरुद्ध साक्ष देताना आपण कोणापुढे वाकतो?

योहानाने हे दर्शन छळ सोसणाऱ्यांच्या धीरासाठी लिहिले, शेजाऱ्यावर बोट दाखविण्यासाठी नव्हे. म्हणून दुसऱ्याच्या नावाची बेरीज करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्याच कपाळावरील खूण तपासावी.